मधमाश्यांच्या घराचा शिल्पकार : लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ

मधमाश्या पाळू इच्छिणाऱ्यापुढे सर्वांत आधी प्रश्न उभा राहतो तो पेटीचा. पेटी केवढी असावी, चौकटी किती असाव्यात, झाकण वरून उघडावे की मागून, कोणत्या जातीच्या माशीला कोणते घर मानवते, या प्रश्नांची उत्तरे चुकली तर पुढची सारी मेहनत वाया जाते. आज कुळागरांत, काजूच्या बागांत किंवा सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत दिसणाऱ्या लाकडी मधपेट्यांची मापे वेगवेगळी असतात. परंतु त्या सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे आणि ते 1851 साली अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने व्यवहारात आणले. त्याचे नाव लॉरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ. त्याच्या शोधाने जगभरच्या मधुपालनाचे रूप पालटले. त्याच्या स्वतःच्या पदरात मात्र त्या शोधाचे फळ फारसे पडले नाही.

लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 25 डिसेंबर 1810 रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. लहानपणी त्यांना किड्यामुंग्यांचे विलक्षण वेड होते. रस्त्यावर गुडघे टेकून मुंग्यांची ये-जा पाहण्यात हा मुलगा तासन्‌तास रमे आणि त्यापायी त्याच्या विजारी गुडघ्यांवर फाटत. आईवडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. शहाण्या घरातील मुलाने असल्या रिकाम्या उद्योगात वेळ दवडावा, हे त्या काळच्या शिस्तीत बसणारे नव्हते. मुलाला शिक्षा झाली आणि ते वेड काही काळ दबून गेले. पुढे येल महाविद्यालयात शिकत असताना त्यांचे लक्ष भाषा, गणित आणि धर्मशास्त्राकडे वळले. 1831 मध्ये ते पदवीधर झाले. 1834 ते 1836 या काळात त्यांनी येल येथेच अध्यापन केले. 1836 मध्ये ॲना टकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर येथील काँग्रिगेशनल चर्चमध्ये त्यांची धर्मोपदेशक म्हणून नेमणूक झाली.

येथून त्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी शिरल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या सोबत राहिल्या. पहिली म्हणजे मनाचा आजार. काही महिने हा माणूस उत्साहाने, अथक काम करी. मग एकाएकी काळोख दाटून यावा तसे होई. बोलणे, लिहिणे, लोकांत मिसळणे, सारेच असह्य होई. ही अवस्था आठवडेच्या आठवडे, कधी कित्येक महिने टिके. आजच्या वैद्यकशास्त्राच्या परिभाषेत त्याला तीव्र नैराश्याचा विकार म्हणता येईल. त्या काळी त्यावर उपचार नव्हता. प्रकृतीच्या कारणास्तव 1838 मध्ये त्यांना अँडोव्हरचे काम सोडावे लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे मधमाशी. त्याच 1838 साली ते एका मित्राच्या घरी गेले असता टेबलावर ठेवलेल्या काचेच्या गोल भांड्याकडे त्यांचे लक्ष गेले. भांड्यात मधाने भरलेले पोळे होते. ज्या माश्यांनी ते बांधले, त्यांचे घर माळ्यावर होते. लँगस्ट्रॉथ माळ्यावर गेले, त्यांनी माश्या पाहिल्या आणि बालपणी दबलेले वेड उफाळून आले. घरी परतताना त्यांच्याजवळ माश्यांच्या दोन वसाहती होत्या. मधमाश्यांविषयी तोवर त्यांना जे ठाऊक होते ते प्रामुख्याने प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या काव्यातून आलेले होते. अर्वाचीन काळात या विषयावर किती संशोधन झाले आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

त्या काळी माश्या पाळण्याची रीत कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय लँगस्ट्रॉथ यांच्या कामाचे मोल कळणार नाही. अमेरिकेत मधमाशी मुळात नव्हती. 1622 च्या सुमारास युरोपीय वसाहतवाल्यांनी ती व्हर्जिनियात आणली. तिच्यासोबत घरेही तिकडचीच आली. गवताच्या काड्यांची वेणी वळून केलेली घुमटाकार टोपली, पोकळ ओंडका किंवा चार फळ्या ठोकून केलेला साधा खोका. अशा घरात माश्या आपल्या मर्जीप्रमाणे पोळी बांधत आणि ती छताला व भिंतींना चिकटवून टाकत. आत काय चालले आहे, राणी आहे की मेली, पिलावा निरोगी आहे की सडला, मध पुरेसा आहे की नाही, हे पाळणाऱ्याला दिसत नसे. मध हवा तर पोळे कापावे लागे, आणि पोळे कापायचे तर माश्यांपासून सुटका करून घ्यावी लागे. त्यासाठी शरद ऋतूत खड्ड्यात गंधक पेटवून त्यावर टोपली ठेवत. धुराने सारी वसाहत मरून पडे. त्यातही सर्वांत जड टोपल्या मधासाठी मारल्या जात आणि सर्वांत हलक्या टोपल्या हिवाळा काढू शकणार नाहीत म्हणून मारल्या जात. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राखत. म्हणजे जी वसाहत सर्वाधिक कष्टाळू तिचाच बळी आधी जाई.

याच्या जोडीला एक नवे संकट आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेण खाणाऱ्या पतंगाचा अमेरिकेत सुळसुळाट झाला. त्याच्या अळ्या पोळ्यांत बोगदे करून वसाहती फस्त करू लागल्या. माश्या पाळणारे हवालदिल झाले. मग या पतंगाला दूर ठेवणाऱ्या पेट्यांचे पेव फुटले. कोणी दाराला सापळा बसवी, कोणी तिरपे कप्पे करी, कोणी खण काढी. प्रत्येकाचे पेटंट असे आणि फिरते विक्रेते गावोगाव जाऊन आपलीच पेटी सर्वोत्तम असल्याची ग्वाही देत. शेतकरी पैसे मोजत आणि पुढच्या वर्षी पेटी रिकामी पाहत. लँगस्ट्रॉथ यांनी निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. बलवान वसाहत पतंगाला स्वतःच हुसकावते. दुबळी, राणी गमावलेली वसाहतच त्याला बळी पडते. म्हणून पतंगासाठी सापळे लावण्याऐवजी वसाहत दुबळी का झाली हे वेळीच पाहता आले पाहिजे. आणि ते पाहायचे तर घर उघडता आले पाहिजे.

हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला तो प्रामुख्याने फ्रान्स्वा ह्यूबर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथामुळे. ह्यूबर अंध होते. आपला सेवक फ्रान्स्वा ब्यूर्नेन्स याच्या डोळ्यांनी त्यांनी माश्यांचे जीवन न्याहाळले आणि 1792 मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांनी चौकटी बिजागऱ्यांनी जोडून पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारे घर तयार केले होते. निरीक्षणासाठी ते उत्तम होते, पण मिटताना माश्या चिरडत. रोजच्या मधुपालनासाठी ते गैरसोयीचे होते. परंतु नीट हाताळल्यास माश्या डंख न करता आपले घर उघडू देतात, ही खात्री लँगस्ट्रॉथ यांना त्यातूनच मिळाली. युरोपात अन्यत्रही हे प्रयत्न चालू होते. युक्रेनमध्ये पेत्रो प्रोकोपोविच यांनी 1814 मध्येच मधाच्या कप्प्यासाठी चौकटी वापरल्या होत्या. सायलेशियातील पाद्री यान झिएरझोन यांनी पट्ट्यांवर लटकणाऱ्या पोळ्यांची पेटी केली होती. पण तिच्यात पोळी भिंतींना चिकटत आणि ती चाकूने सोडवावी लागत. शिवाय पेटी बाजूने वा मागून उघडत असल्याने आतले शेवटचे पोळे पाहायचे तर त्याआधीची सारी पोळी बाहेर काढावी लागत.

अँडोव्हर सोडल्यानंतर लँगस्ट्रॉथ यांनी मुलींच्या शाळांत अध्यापन केले. ग्रीनफील्ड येथे 1843 ते 1848 या काळात पुन्हा धर्मोपदेशकाचे काम केले. आजार उलटून आला की काम सुटे, बरे वाटले की नवे काम शोधावे लागे. 1848 मध्ये ते फिलाडेल्फियाला परतले. तेथे त्यांनी मुलींची शाळा काढली आणि शहराबाहेर माश्यांच्या पेट्या ठेवल्या. डोके शांत राहावे म्हणून मोकळ्या हवेत काम करणे त्यांना हितकारक वाटे. या काळात त्यांनी एकामागून एक पेट्या करून पाहिल्या.

त्यांच्या पेटीत वरच्या बाजूला पट्ट्या असत आणि माश्या त्या पट्ट्यांना धरून पोळी बांधत. पट्ट्यांवर झाकण टेकलेले असे. अडचण अशी की माश्या झाडांचा चीक गोळा करून आणत आणि त्या राळेने झाकण पट्ट्यांना घट्ट चिकटवत. झाकण काढताना हिसका बसे, माश्या खवळत. 1851 मध्ये लँगस्ट्रॉथ यांनी पट्ट्या ज्या खाचेत बसत ती खाच थोडी खोल केली. त्यामुळे पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा राहिली. माश्यांनी ती जागा राळेने भरली नाही आणि तिच्यात पोळेही बांधले नाही. ती त्यांनी आपल्या येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवली. झाकण सहज निघू लागले.

पण अर्धे काम अजून बाकी होते. पोळी भिंतींना चिकटतच होती आणि चाकू हातात घ्यावाच लागत होता. 30 ऑक्टोबर 1851 रोजी दुपार उलटल्यावर आपल्या माश्यांकडून घरी परतत असताना त्यांच्या मनात एकाएकी पुढचा दुवा जुळला. जी मोकळी जागा झाकण आणि पट्टी यांच्यामध्ये चालते, तीच चारही बाजूंना का चालू नये? पट्टीला दोन उभे हात आणि खाली एक आडवी काठी जोडून पूर्ण चौकट करायची, आणि ती चौकट भिंतीपासून, तळापासून व शेजारच्या चौकटीपासून त्याच अंतरावर लटकत ठेवायची. पोळे चौकटीच्या आत राहील, भिंतीला शिवणार नाही. भर रस्त्यात आनंदाने ओरडावे असे त्यांना झाले आणि त्यांनी स्वतःला कसेबसे आवरले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

या अंतरालाच मधुपालनात माशीची वाट मानले जाते. युरोपीय माशीच्या बाबतीत ते साधारण 6 ते 9 मिलिमीटर असते. जागा याहून कमी असेल तर माश्या ती राळेने लिंपून बंद करतात. अधिक असेल तर तिच्यात मेणाचे जादा पोळे बांधतात. नेमकी तेवढी असेल तरच ती मोकळी राहते. हे अंतर निसर्गात होतेच आणि इतरांनाही त्याची थोडीफार जाण होती. लँगस्ट्रॉथ यांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ते पेटीच्या प्रत्येक सांध्यात बसवले आणि वरून उघडणाऱ्या पेटीशी जोडले. त्यामुळे कोणतीही चौकट, इतरांना न हलवता, थेट वर उचलता येऊ लागली. माशीशी भांडून नव्हे, तर तिचा स्वभाव ओळखून हे घर बांधलेले होते.

फिलाडेल्फियातील सुतार हेन्री बोर्क्विन यांनी या पेट्या घडवल्या. 5 ऑक्टोबर 1852 रोजी लँगस्ट्रॉथ यांना पेटीचे पेटंट मिळाले. पण याच सुमारास आजाराने पुन्हा उचल खाल्ली. शाळा बंद करावी लागली, माश्या विकाव्या लागल्या. ते ग्रीनफील्डला गेले आणि जरा सावरताच ग्रंथलेखनाला बसले. पत्नी ॲना यांनी हस्तलिखिताच्या स्वच्छ प्रती करून दिल्या. 1853 मध्ये पेटी आणि मधमाशी या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो विद्वत्तेने भरलेला असूनही शेतकऱ्याला वाचता येईल असा होता. त्याच्या सुधारित आवृत्तीत परिपूर्ण पेटीच्या अंगी कोणते गुण असावेत याची साठाच्या घरात जाणारी यादी त्यांनी दिली. पाऊस, थंडी आणि ऊन यांपासून रक्षण व्हावे, प्रत्येक पोळे माश्यांना न दुखवता तपासता यावे, दुबळ्या वसाहतीला बळकट वसाहतीतील पिलाव्याची चौकट देता यावी, राणी सापडावी, मध माश्या न मारता काढता यावा, एका वसाहतीच्या दोन करता याव्यात आणि हे सारे साध्या माणसाला परवडावे. पेटी निवडताना विक्रेत्याची जाहिरात नव्हे, तर असे प्रश्न विचारावेत, हे त्या यादीमागचे सूत्र होते. या कसोट्या आजही जुन्या झालेल्या नाहीत.

पेन्सिल्व्हेनियातील सॅम्युएल वॅग्नर हे झिएरझोन यांच्या जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करण्याच्या तयारीत होते. लँगस्ट्रॉथ यांची पेटी पाहिल्यावर त्यांनी तो बेत सोडून दिला आणि ते लँगस्ट्रॉथ यांचे निष्ठावंत पाठीराखे झाले. याच वॅग्नर यांनी 1861 मध्ये अमेरिकन बी जर्नल हे नियतकालिक सुरू केले.

पेटी मान्य झाली, पण पेटंट टिकवणे हे वेगळेच युद्ध ठरले. पेटीची रचना इतकी साधी होती की कोणताही सुतार ती पाहून करू शके. देशभर तिच्या नकला होऊ लागल्या. काहींनी एखादी खिट्टी बदलून स्वतःचे पेटंट घेतले. युरोपात चौकटी आधीच होत्या, तेव्हा हा शोध नवा नाही, असा युक्तिवाद झाला. लँगस्ट्रॉथ यांनी न्यायालयात दाद मागण्याचा प्रयत्न केला. परंतु खटल्याला लागतो पैसा आणि लागते खंबीर मन. पैसा नव्हताच. मन ऐन वेळी साथ सोडत असे. पेटंटची मुदत संपेपर्यंत त्यांच्या हाती जे आले ते त्यांच्या शोधाच्या मानाने नगण्य होते. हजारो लोक ज्या पेटीवर पैसे मिळवत होते, तिचा निर्माता मात्र ओढगस्तीतच राहिला.

1858 मध्ये लँगस्ट्रॉथ कुटुंब ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी स्थायिक झाले. तेथील घराभोवतीच्या जमिनीत त्यांनी माश्यांना उपयुक्त अशी झाडे व पिके लावली. मुलगा जेम्स मदतीला होता. पितापुत्रांनी इटालियन जातीच्या राण्या वाढवून विकण्याचा व्यवसाय उभा केला. इटालियन माशी शांत, कष्टाळू आणि देखणी असल्याने तिला मोठी मागणी होती. हलत्या चौकटींच्या पेटीमुळेच हा व्यवसाय शक्य झाला, कारण राणी शोधणे, जुनी काढून नवी देणे आणि राणीघरे तयार करणे हे सारे चौकट उचलता आली तरच साधते.

हे बरे दिवस फार टिकले नाहीत. 1870 मध्ये जेम्स मरण पावला. जानेवारी 1873 मध्ये ॲना गेल्या. पती आजारी असताना घर सांभाळणारी, लेखनात हातभार लावणारी पत्नी नाहीशी झाल्यावर लँगस्ट्रॉथ यांचा मोठाच आधार तुटला. आजाराचे झटके दीर्घ होत गेले. अशा काळात ज्या माश्यांवर त्यांचा जीव होता त्यांचेच दर्शन त्यांना नकोसे होई. मधमाश्यांवरील पुस्तकांची नावे दृष्टीस पडू नयेत म्हणून ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसत. मन गुंतवण्यासाठी बुद्धिबळातील कोडी सोडवत. मग एके दिवशी मळभ सरे आणि तेच गृहस्थ हसतमुखाने पेट्यांपाशी दिसत, मित्रांना लांबलचक पत्रे लिहीत, नियतकालिकांना लेख पाठवत. त्यांना भेटलेल्यांनी त्यांच्या वागण्यातील माधुर्याची आणि पेटंटच्या प्रकरणात कटुता न धरण्याची आठवण आवर्जून नोंदवली आहे.

दरम्यान त्यांच्या पेटीभोवती एक नवे तंत्र उभे राहत होते. 1857 मध्ये जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी मेणाचा ठसेदार पत्रा केला. तो चौकटीत बसवला की माश्या त्यावर सरळ पोळे बांधतात. 1865 मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्का यांनी मध काढण्याचे फिरते यंत्र दाखवले. चौकटी त्यात ठेवून फिरवल्या की मध बाहेर फेकला जातो आणि रिकामे पोळे अखंड परत देता येते. एक किलो मेण तयार करायला माश्यांना कित्येक किलो मध खर्च करावा लागतो. म्हणून पोळे वाचणे म्हणजे मध वाचणे होय. मोझेस क्विन्बी यांनी भात्याचे धुराचे यंत्र सुटसुटीत केले. ओहायोतील मेडिना येथे एमॉस रूट यांनी कारखान्यात ठरावीक मापाच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. मापे एकसारखी झाली तेव्हा एका पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत बसू लागली आणि मधुपालन हा व्यवसाय झाला. आज प्रचलित असलेल्या लँगस्ट्रॉथ पेटीत दहा चौकटी असतात आणि पूर्ण उंचीची चौकट साधारण 448 मिलिमीटर लांब व 232 मिलिमीटर खोल असते.

हेच माप सर्वोत्तम, यावर मात्र सर्वांचे एकमत नव्हते. क्विन्बी यांची चौकट अधिक मोठी होती. फ्रान्समधून येऊन इलिनॉय राज्यात स्थायिक झालेले चार्ल्स दादाँ यांनी तिच्याच आधारे खोल चौकटींची मोठी पेटी पसंत केली. राणीला अंडी घालायला सलग आणि ऐसपैस जागा मिळाली तर वसाहत बलवान होते, असा त्यांचा अनुभव होता. उलट बाजूने, मोठी चौकट मधाने भरल्यावर उचलायला जड जाते आणि मापे निराळी असली की इतरांशी देवाणघेवाण होत नाही. फुलोरा किती, थंडी किती, माशी किती अंडी घालणारी आणि पेट्या एका जागी ठेवायच्या की बागोबाग हलवायच्या, यावर निवड अवलंबून राहते. विशेष हे की वृद्धापकाळी लँगस्ट्रॉथ यांना आपल्या ग्रंथाची नवी आवृत्ती करणे प्रकृतीमुळे जमेना, तेव्हा त्यांनी ते काम याच दादाँ यांच्या हाती सोपवले. मापांबाबत मतभेद असलेल्या माणसाला आपला ग्रंथ निःशंकपणे देण्याइतका त्यांचा विश्वास तत्त्वावर होता, स्वतःच्या मापावर नव्हता. 1889 मध्ये ती आवृत्ती निघाली आणि त्या ग्रंथाची परंपरा आजतागायत चालू आहे.

1887 मध्ये लँगस्ट्रॉथ मुलीच्या कुटुंबासोबत ओहायोतीलच डेटन शहरी राहायला गेले. 6 ऑक्टोबर 1895 या रविवारी तेथील वेन ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांना प्रवचनासाठी पाचारण करण्यात आले होते. वय 84 होते. विषय होता देवाच्या प्रेमाचा. त्यांनी बोलायला आरंभ केला आणि थोड्याच वेळात तेथेच त्यांची प्राणज्योत मालवली. डेटन येथील वुडलँड दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. ऑक्सफर्ड येथील त्यांचे घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जपले गेले आहे.

त्यांची पेटी भारतात आली तेव्हा एक निराळीच परीक्षा झाली. आपल्याकडची सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान असते आणि तिची वसाहतही छोटी असते. दहा मोठ्या चौकटींची पेटी तिला दिली तर तेवढी पोळी तिला झाकून राखता येत नाहीत आणि उघड्या पडलेल्या मेणावर पतंगाच्या अळ्या पोसतात. शिवाय लहान माशीची वाटही अधिक अरुंद असते. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली. ती त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील मधुपालनाला तिनेच हात दिला. युरोपीय माशीसाठी मोठी लँगस्ट्रॉथ पेटी आणि सातेरीसाठी न्यूटन पेटी किंवा तिच्या धर्तीवरील भारतीय मानकांची पेटी, अशी निवड आज सर्वसाधारणपणे केली जाते. उघड्यावर एकच पोळे बांधणारी आग्या माशी आणि छोटी फुलोरी माशी यांना कोणतीच पेटी मानवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पेटी घेण्याच्या फंदात पडू नये.

पेटी लहान असो वा मोठी, तिच्या झाकणाखाली, भिंतीलगत आणि दोन चौकटींमध्ये एक बोटभरही नसलेली मोकळी वाट असते. ती नेमकी साधली असेल तर झाकण हलक्या हाताने उघडते, चौकट वर येते, माश्या आपल्या कामात गढलेल्या राहतात आणि मध काढल्यानंतरही वसाहत जिवंत असते. पेटी विकत घेताना तिचा रंग किंवा किंमत पाहण्याआधी ही वाट मोजून पाहावी.